ऑस्ट्रेलियाची वाट (भाग ४) : पहिल्या वर्षाचा हिशेब कामठीतच मांडा

मागच्या आठवड्यात आपण अभ्यासक्रम कसा निवडायचा ते पाहिलं. कॉलेज ऑस्ट्रेलिया सरकारच्या ‘क्रिकॉस’ यादीत आहे की नाही, हे घरबसल्या कसं तपासायचं तेही पाहिलं. आजचा विषय पैशांचा. कामठी-कन्हान भागातल्या पालकांशी बोलणं निघालं की एक प्रश्न हमखास येतो : “पोराले तिथं काम भेटते म्हणतात, मंग फी तर निघूनच जाईल नं?”

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिथल्या कामातून राहण्या-जेवणाचा खर्च बऱ्यापैकी निघू शकतो, पण फी निघत नाही. ज्या घराने हे आधीच ओळखलं, त्या घरातलं मूल तिथे अभ्यास करतं. ज्याने ओळखलं नाही, त्या घरातलं मूल दुसऱ्या सत्राच्या फीच्या तारखेला रात्री फोन करतं आणि इकडे दागिने मोडायची वेळ येते. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी वही-पेन घ्या आणि पूर्ण वर्षाचा हिशेब इथेच मांडा.

व्हिसासाठी किती दाखवायचे?

विद्यार्थी व्हिसाचा (सबक्लास ५००) अर्ज करताना पहिल्या वर्षाची फी, प्रवासखर्च आणि वर्षभराच्या राहण्या-जेवणाचा खर्च आपल्याकडे आहे हे दाखवावं लागतं. एकट्या विद्यार्थ्यासाठी हा राहण्या-जेवणाचा आकडा १० मे २०२४ पासून २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. व्हिसाची फी वेगळी. ती १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झाली असून अर्ज नामंजूर झाला तर सहसा परत मिळत नाही.

हिशेबापुरता एक डॉलर ६० रुपयांचा धरू. भरणा करायच्या दिवशीचा दर बँकेत बघून घ्या. विद्यापीठातल्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांची फी वर्षाला ३५ ते ५० हजार डॉलरच्या दरम्यान असते. आपण ४० हजार धरली, तर फी अधिक राहणं-जेवण मिळून ६९,७१० डॉलर होतात, म्हणजे जवळपास ४२ लाख रुपये. हे झालं एका वर्षाचं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षाची फी कुठून येणार, याचं उत्तरही आजच वहीत लिहायला हवं.

इथे काही दलाल वाट दाखवतात : “पैसे नसले तरी चालेल, आम्ही पंधरा दिवसांसाठी खात्यात भरून देतो.” या वाटेला जाऊ नका. खोटं किंवा दिशाभूल करणारं कागदपत्र सापडलं तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय पुढची तीन वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद होऊ शकतात. अर्जावर नाव विद्यार्थ्याचं असतं, त्यामुळे शिक्षाही त्यालाच भोगावी लागते, दलालाला नव्हे. अर्जाच्या ऑनलाइन खात्याचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि ‘सबमिट’ होण्याआधी प्रत्येक पान स्वतः वाचा.

कर्ज : आधी घराचे कागद बघा

राष्ट्रीयीकृत बँकांत साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागतं, आणि कामठीतली बरीच प्रकरणं इथेच अडतात. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतली कितीतरी घरं ‘ओल्ड ग्रँट’च्या किंवा भाडेपट्ट्याच्या जागेवर आहेत. तीन पिढ्या तिथे राहिल्या असतील, घर आजोबांनी बांधलेलं असेल, पण जमीन सरकारची असते. अशी मालमत्ता बँका तारण म्हणून सहसा घेत नाहीत. शेतीची जमीनही शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँकांना चालत नाही. ले-आउटमधल्या प्लॉटवर घर असेल तर नियमितीकरणाचं पत्र, म्हणजे आपण ज्याला ‘आरएल’ म्हणतो ते, मागितलं जातं. नझूल किंवा गावठाणातली जागा असेल तर अद्ययावत आखीव पत्रिका लागते. आजोबांच्या नावावरची आखीव पत्रिका वारसांच्या नावावर व्हायला किती महिने लागतात, हे ज्याने तो फेरफार केला आहे त्याला विचारा. म्हणून इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावण्याआधी घराचे कागद बँकेच्या वकिलाला दाखवून घ्या.

आणखी एक गोष्ट. केंद्राच्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेचं नाव सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठीच आहे. परदेशी शिक्षणाला ती लागू नाही. त्या भरवशावर बसू नका.

शिष्यवृत्ती : आपल्या गावाचा हक्काचा मार्ग

बाबू हरदास एल. एन. यांच्या या गावात शिक्षणाचं मोल वेगळं सांगायला नको. १९२० मध्ये डॉ. आंबेडकर लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला निघाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मदतीचा हात दिला होता. महाराजांच्याच नावाने राज्याचा सामाजिक न्याय विभाग अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती’ चालवतो. दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. जागतिक क्यूएस क्रमवारीत पहिल्या २०० मधल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असावा लागतो. मेलबर्न, सिडनी, मोनाश, क्वीन्सलँड अशी ऑस्ट्रेलियातली नामांकित विद्यापीठं या यादीत येतात.

केंद्राची ‘नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप’ दरवर्षी १२५ जणांना मिळते. ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या मुलांसाठी आहे. तिला क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० पर्यंतची विद्यापीठं चालतात, कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे आणि ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. आदिवासी, इतर मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. कामठीतल्या विणकर कुटुंबांतल्या मुलांनी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाचीही चौकशी करावी.

गुण असूनही संधी जाते ती मुख्यतः उशिरामुळे. जातीचा दाखला, तहसील कार्यालयातून चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठाच्या गुणपत्रिका आणि कुठलीही अट न ठेवता दिलेलं प्रवेशपत्र हे चार कागद जाहिरात येण्याआधी फाइलमध्ये असले पाहिजेत. जाहिरात आल्यावर धावपळ सुरू करणाऱ्याला मुदत पुरत नाही.

पैसे पाठवताना

फी थेट विद्यापीठाच्या खात्यात बँकेमार्फत भरा, कोणाच्याही खासगी खात्यात नाही. एका आर्थिक वर्षात दहा लाखांवर रक्कम बाहेर पाठवली तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस कापते. शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या पैशांवर तो आता लागत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही. ज्यांच्या पॅनवरून पैसे गेले त्यांनी आयकर विवरणपत्र भरलं की ती करात वळती होते किंवा परत मिळते. मात्र तोवर ती अडकून पडते, म्हणून हिशेबात तिच्यासाठी एक ओळ ठेवा.

कामाचं गणित

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सत्र सुरू असताना विद्यार्थ्याला दर पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, म्हणजे आठवड्याला सरासरी २४ तास. सुट्ट्यांत ही मर्यादा नसते. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी काम करता येत नाही. १ जुलै २०२५ पासून प्रौढांसाठीचं देशपातळीवरचं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं आणि ते दरवर्षी जुलैत बदलतं. विद्यार्थ्यांना बहुधा ‘कॅज्युअल’ म्हणून घेतात. त्यांना पगारी सुट्टी नसते, त्याऐवजी २५ टक्के जास्त दर मिळतो, म्हणजे सुमारे ३१.१९ डॉलर.

आता मांडा. २९,७१० डॉलरला ५२ आठवड्यांनी भागलं तर आठवड्याचा खर्च येतो ५७१ डॉलर. कॅज्युअल दराने २४ तासांचे मिळतात सुमारे ७४८. एकही आठवडा न चुकवता वर्षभर काम केलं, तर कर जाऊन आणि खर्च भागून वर्षाअखेर सहा-सात हजार डॉलर उरतील. फी आहे ४० हजार. सुट्ट्यांत अधिक राबलं तरी ही दरी बुजत नाही. शिवाय पहिलं काम मिळायला कित्येक आठवडे लागतात आणि परीक्षेच्या काळात तास कमी करावेच लागतात. म्हणून निदान पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे कमाई शून्य धरून सोबत ठेवा.

तासांची मर्यादा मोडली तर व्हिसा धोक्यात येतो. काही मालक याच भीतीचा फायदा घेतात आणि रोखीत, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेतात. अशा वेळी ‘फेअर वर्क ऑम्बड्समन’ या सरकारी यंत्रणेकडे १३ १३ ९४ या क्रमांकावर दाद मागता येते. विद्यार्थ्यांनाही तिथल्या कामगारांइतकेच हक्क आहेत. दुभाषी हवा असेल तर १३१ ४५० वर फोन करून हिंदीत बोलता येतं. कामाचे तास आणि मिळालेले पैसे रोज टिपून ठेवा, पुढे तोच पुरावा ठरतो. कर क्रमांक, म्हणजे ‘टीएफएन’, तिथल्या करविभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

भाडं आठवड्याचं असतं

जाहिरातीत लिहिलेलं असतं : एक खोली, २५० डॉलर, बिल वेगळं. हे भाडं आठवड्याचं असतं. आपल्या सवयीने चाराने गुणलं तर महिन्याचे हजार होतात. पण वर्षात आठवडे ५२ असतात. २५० गुणिले ५२ भागिले १२ केलं की महिन्याला पडतात १,०८३. वर्षाला फरक एक हजार डॉलरचा, म्हणजे ६० हजार रुपयांचा. त्यावर अनामत म्हणून साधारण चार आठवड्यांचं भाडं सुरुवातीलाच द्यावं लागतं. सिडनी आणि मेलबर्नमध्ये घराच्या रीतसर करारातली अनामत घरमालकाच्या खिशात न राहता राज्य सरकारच्या यंत्रणेकडे जमा होते. तिची पावती मागून घ्या. कामठीत बसून, नुसते फोटो पाहून अनामत पाठवू नका. पहिले दोन-तीन आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्या घरी काढा आणि खोली डोळ्यांनी पाहून मगच पैसे द्या. सिडनी आणि मेलबर्नमधल्या मराठी मंडळांशी निघण्याआधी संपर्क साधला तर ओळखी निघतात.

तब्येत आणि बॅग

‘ओएसएचसी’ हा आरोग्य विमा व्हिसाच्या पूर्ण मुदतीसाठी सक्तीचा आहे. दाताची दुरुस्ती आणि चष्मा त्यात सहसा येत नाही, म्हणून ही कामं इथेच उरकून घ्या. आधीपासून असलेल्या शारीरिक आजारांना पहिले बारा महिने विमा लागू होत नाही. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. अशा मुलामुलींनी विमा घेण्याआधी हे कलम नीट वाचावं, जुने अहवाल बरोबर ठेवावेत आणि पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय खर्चाची वेगळी तरतूद करावी. औषधं मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात.

विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करा. संत्री, ताजा कढीपत्ता, दुधाची मिठाई घरीच ठेवा. मसाला, पापड, लोणचं असेल तर ‘आहे’ असं लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवली तर जबर दंड बसतो आणि प्रसंगी व्हिसाही रद्द होऊ शकतो.

ताळमेळ बसला नाही तर?

तर यंदा जाऊ नका. ऑस्ट्रेलियात मुख्य प्रवेश फेब्रुवारी-मार्च आणि जुलै असे दोनदा होतात आणि बरीच विद्यापीठं प्रवेश एक सत्र पुढे ढकलू देतात. दुसरा पर्याय म्हणजे ऑस्ट्रेलियन विद्यापीठाचं शिक्षण घराजवळच घेणं. मलेशियातली हजारो कुटुंबं याच अडचणीतून गेली आहेत. तिथे मोनाश विद्यापीठाने १९९८ मध्ये शाखा काढली, आणि पहिली वर्षं घराजवळ करून शेवटचं वर्ष ऑस्ट्रेलियात पूर्ण करायचे अभ्यासक्रमही तिथे रुळले. आपल्याकडे डीकिन आणि वोलाँगाँग या ऑस्ट्रेलियन विद्यापीठांनी २०२४ मध्ये गुजरातच्या गिफ्ट सिटीत वर्ग सुरू केले आहेत. अभ्यासक्रम मोजकेच आहेत, पण चौकशी जरूर करा.

या रविवारी आई-वडील आणि विद्यार्थी एकत्र बसून दोन रकाने आखा. एका बाजूला दोन्ही वर्षांची फी, राहणं-जेवण, व्हिसा, विमा, तिकीट, अनामत आणि टीसीएस लिहा. दुसऱ्या बाजूला हातातली बचत, मंजूर झालेलं कर्ज आणि मंजूर झालेली शिष्यवृत्ती एवढंच लिहा. मिळेल अशी आशा असलेला पैसा आणि तिथल्या कामाची कमाई दुसऱ्या रकान्यात घेऊ नका. दोन्ही बेरजा जुळल्या तर निर्धास्त अर्ज करा. कमी पडत असेल तर किती कमी पडतं ते त्याच पानावर लिहा आणि पुढच्या प्रवेशापर्यंत ती रक्कम कशी उभी करायची यावर बोला. हे बोलणं अवघड आहे, पण ते घरात होणं परदेशातून रात्री येणाऱ्या फोनपेक्षा कितीतरी बरं.

(पुढील भागात : पहिलं सत्र. तिथली अभ्यासाची पद्धत, वाङ्मयचौर्याचे नियम आणि नापास होण्याची वेळ आली तर व्हिसाचं काय होतं.)