बाविसाव्या वाढदिवसाच्या आत

कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात मुलांचा एक वाढदिवस फार मोलाचा आहे, बाविसावा. आई-वडील कायमच्या वास्तव्यासाठी, म्हणजे ‘पीआर’साठी अर्ज करतात, त्या वेळी मूल २२ वर्षांच्या आतलं आणि अविवाहित असेल, तर त्याचं नाव त्याच अर्जात जातं. त्याला इंग्रजीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, गुणांच्या शर्यतीत उतरावं लागत नाही, नोकरीचा अनुभवही दाखवावा लागत नाही. पण अर्ज पोहोचला त्या दिवशी बाविसावं वर्ष पूर्ण झालेलं असेल, तर तेच मूल कुटुंबाच्या फाइलबाहेर जातं. घर तेच, जेवणाचं ताट तेच, कॉलेजची फी भरणारे बाबाही तेच. तरीही कायद्याच्या लेखी ते आता अवलंबित मूल उरत नाही.

चाळिशीच्या पुढे परदेशी स्थायिक व्हायचं ठरवणाऱ्या अनेक मराठी घरांत हा प्रश्न उभा राहतो. गुणांवर अर्जदार निवडणाऱ्या कॅनडाच्या ‘एक्सप्रेस एंट्री’ पद्धतीत वयाचे सर्वाधिक गुण विशीतल्या अर्जदाराला मिळतात, आणि पंचेचाळिशी गाठली की वयाचा एकही गुण मिळत नाही. ज्यांची मुलं कॉलेजात पोहोचली आहेत, ते पालक नेमके याच वयाचे. गुण कमी पडतात म्हणून ते एखाद्या प्रांताच्या नामांकनाची वाट धरतात, कारण त्या नामांकनाचे एकदम ६०० गुण मिळतात. पण या सगळ्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात मुलांचं वय वाढत असतं.

हा नियम कायम असाच नव्हता. १ ऑगस्ट २०१४ पूर्वीही मर्यादा २२ वर्षांचीच होती, पण तिला एक मोठा अपवाद होता. बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीपासून सलग पूर्णवेळ शिकत असलेलं आणि आई-वडिलांच्या पैशावर अवलंबून असलेलं मूल त्या वयानंतरही कुटुंबाच्या अर्जात बसायचं. १ ऑगस्ट २०१४ ला सरकारने मर्यादा १९ वर्षांवर आणली आणि विद्यार्थ्यांचा अपवाद काढून टाकला. बारावी होऊन नुकतीच पदवीला गेलेली मुलंही त्यामुळे वगळली गेली. पुढे सरकार बदललं आणि २४ ऑक्टोबर २०१७ पासून मर्यादा पुन्हा २२ वर आली. शिक्षणाचा अपवाद मात्र परत आला नाही. “अमक्याचा मुलगा एम.टेक. करत होता, पंचविसाव्या वर्षी आई-वडिलांबरोबर गेला,” असं कुणी सांगितलं तर ते खरंही असेल. पण तो २०१४ पूर्वीचा काळ होता. आज त्या उदाहरणावर विसंबून बेत आखला, तर तो फसेल.

वय नेमक्या कोणत्या दिवशी मोजायचं, हा यातला कळीचा प्रश्न. कायदा एक तारीख पक्की करतो आणि त्या तारखेचं वय शेवटपर्यंत धरतो. एक्सप्रेस एंट्रीत ती तारीख म्हणजे पूर्ण भरलेला पीआर अर्ज कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे पोहोचला तो दिवस. प्रोफाइल तयार केल्याचा किंवा अर्जाचं आमंत्रण आल्याचा दिवस यात धरला जात नाही. आमंत्रण आल्यावर अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. मुलाचा वाढदिवस त्या साठ दिवसांच्या मध्येच येत असेल, तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबणं महागात पडतं. प्रांतिक नामांकनाच्या वाटेने जाणाऱ्यांना थोडी सवड मिळते. तिथे नामांकनासाठी प्रांताकडे अर्ज केला, तीच तारीख मुलाच्या वयासाठी धरतात.

एकदा तारीख पक्की झाली की पुढची प्रक्रिया कितीही लांबली तरी वयाचा धोका राहत नाही. एकविसाव्या वर्षी नाव गेलेलं मूल व्हिसा हाती येईपर्यंत तेविशीचं झालं, तरी ते अवलंबितच. मात्र अर्ज अपुरा असेल तर तो परत येतो आणि मिळालेली तारीखही त्याच्याबरोबर जाते. दुसऱ्यांदा अर्ज करताना वय नव्याने मोजलं जातं. एक कागद राहिला म्हणून मुलाची संधी हुकली, असं त्यातून घडू शकतं.

वय गोठतं, पण लग्न गोठत नाही. अर्जाच्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलाने किंवा मुलीने व्हिसा मिळेपर्यंत आणि त्यानंतर कॅनडात पहिलं पाऊल टाकेपर्यंत अविवाहितच राहावं लागतं. साखरपुड्याला हरकत नाही. पण पुढे धावपळ नको म्हणून काही घरं लग्नसोहळ्याआधीच नोंदणी विवाह उरकून घेतात. पीआरची फाइल चालू असताना असं केलं, तर मुलीचा अवलंबित दर्जा त्या सहीबरोबर संपतो. वर्षभर एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही कॅनडाचा कायदा जोडीदारच मानतो. विवाहाची गोष्ट लपवून विमानातून उतरणं हा खोटी माहिती देण्याचा प्रकार ठरतो आणि त्याला पाच वर्षांची बंदी लागू शकते.

अठरा पूर्ण झालेल्या मुलाचे कागदही वेगळे असतात. पार्श्वभूमीची माहिती आणि कुटुंबाची माहिती त्याला स्वतःच्या नावाने भरावी लागते, आणि दहा वर्षांतल्या शिक्षण-नोकरीच्या इतिहासात महिन्याचीही फट ठेवून चालत नाही. पोलिसांचा दाखला त्याचाही लागतो. गेल्या दहा वर्षांत वयाची अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ज्या देशात तो सलग सहा महिने राहिला असेल, त्या प्रत्येक देशाचा. बारावीनंतर जर्मनीत वर्षभर शिकलेल्या मुलाला भारतातल्या पोलिसांच्या दाखल्याबरोबर तिथलाही दाखला मिळवावा लागतो, आणि तो येईपर्यंत आठवडे जातात. वाढदिवस जवळ आला असेल तर हे काम आमंत्रणाच्या आधीच सुरू करायला हवं.

वयाच्या अटीला आता एकच अपवाद उरला आहे. २२ किंवा त्याहून मोठं मूल अवलंबित ठरू शकतं, पण त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. बावीस पूर्ण होण्याआधीपासून ते आई-वडिलांच्या आर्थिक आधारावर जगत आलं आहे, आणि शारीरिक किंवा मानसिक स्थितीमुळे ते स्वतःचा चरितार्थ चालवू शकत नाही. सेरेब्रल पाल्सी, तीव्र स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे पालक याच वाटेने जातात. जुने वैद्यकीय अहवाल, अपंगत्वाचा दाखला, विशेष शाळेची कागदपत्रं, उपचारांचा खर्च कुणी केला याच्या नोंदी हे सगळं लागतं. अशा मुलाला स्वतः सही करणं शक्य नसेल तर कायदेशीर पालकत्वाचा कागद कामी येतो. आपल्याकडे १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती असं पालकत्व देते. मूल अठरा वर्षांचं झाल्यावर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेक घरांना अशा वेळी पहिल्यांदा कळतं.

पण इथेच दुसरी भिंत आडवी येते. आरोग्य किंवा सामाजिक सेवांवर ‘अवाजवी भार’ पडेल अशा व्यक्तीला प्रवेश नाकारण्याची तरतूद कॅनडाच्या कायद्यात आहे. कौशल्याच्या आधारावर अर्ज करणाऱ्या कुटुंबातला एक सदस्य या कारणाने अपात्र ठरला, तर सगळं कुटुंबच अपात्र ठरतं. म्हणजे ज्या अक्षमतेमुळे मूल अवलंबित मानलं गेलं, त्याच अक्षमतेमुळे घरातल्या सगळ्यांना नकार मिळू शकतो.

ही कोंडी फोडायला दोन कुटुंबं न्यायालयात गेली. दक्षिण आफ्रिकेचं हिलेविट्झ कुटुंब गुंतवणूकदार म्हणून, तर नेदरलँड्सचं डी याँग कुटुंब स्वयंरोजगाराच्या गटातून कॅनडात येऊ पाहत होतं. दोघांच्याही घरी बौद्धिक अक्षमता असलेलं मूल होतं, आणि दोघांनाही नकार मिळाला होता. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोघांच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती रोझाली अबेला यांनी लिहिलं. आजाराचं नाव पाहून निर्णय घेता येणार नाही, त्या विशिष्ट माणसाला कोणत्या सामाजिक सेवा खरोखर लागतील आणि कुटुंब त्याचा खर्च उचलायला तयार आणि समर्थ आहे का, हे तपासलंच पाहिजे, असं न्यायालयाने बजावलं.

२०१८ मध्ये सरकारने आणखी एक पाऊल टाकलं. ‘अवाजवी’ ठरवणारी खर्चाची मर्यादा तिप्पट करून वर्षाला १९,९६५ डॉलरवर नेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विशेष शिक्षण, पुनर्वसन आणि वैयक्तिक मदतनीस यांवरचा खर्च या हिशेबातून वगळला. मर्यादेचा आकडा त्यानंतर वेळोवेळी वाढत गेला आहे. आज ‘अवाजवी भारा’ची शंका घेणारं पत्र खात्याकडून आलं, तर ते अंतिम उत्तर नसतं. तज्ज्ञ डॉक्टरांचा अहवाल आणि खर्चाची तपशीलवार योजना देऊन बाजू मांडता येते. शिवाय आई-वडील आधी पीआर झाले आणि मग त्यांनी अवलंबित मुलाला स्पॉन्सर केलं, तर त्या मुलाला ही ‘अवाजवी भारा’ची अट लागूच होत नाही.

मात्र त्यासाठी मुलाचं नाव पहिल्या अर्जात असायला हवं. “तो सध्या येणार नाही, इथेच शिकणार आहे, मग कशाला लिहायचं?” असा विचार करून मुलाचं नाव गाळणं ही या प्रक्रियेतली सर्वांत महागडी चूक आहे. बरोबर येणारं असो वा नसो, घटस्फोटानंतर दुसऱ्या पालकाकडे राहत असो, प्रत्येक अवलंबित मुलाची नोंद आणि वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. जे मूल जाहीर केलं नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब म्हणून स्पॉन्सर करण्याचा दरवाजा कायदा बंद करतो. २०१९ मध्ये सरकारने एका विशेष धोरणाने काहींना सवलत दिली, पण नाव सांगितलं असतं तरी ज्यांचा अर्ज मंजूरच झाला असता, त्यांच्यापुरतीच. मागे राहणारी मुलंसुद्धा कुटुंबाच्या संख्येत धरली जातात, त्यामुळे बँकेत दाखवायची रक्कमही त्या हिशेबाने वाढते.

इतर देशांच्या रेषा वेगळ्या आहेत. अमेरिकेत मर्यादा २१ वर्षांची. तिथे अर्जाच्या दिवशीचं वय धरत नाहीत. ग्रीन कार्डाचा क्रमांक लागतो त्या दिवशीच्या वयातून मूळ याचिका सरकारकडे जितका काळ पडून होती तेवढा काळ वजा करतात. २००२ च्या ‘चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट’ने हे सूत्र दिलं. मूल क्रमांक लागताना २२ वर्षांचं आहे आणि याचिका १४ महिने पडून होती, तर त्याचं कायदेशीर वय २० वर्षं १० महिने. ते अवलंबित राहतं, पण वर्षाच्या आत ग्रीन कार्डासाठी पुढचं पाऊल उचलावं लागतं. याचिका मंजूर झाल्यावर रांगेत गेलेली वर्षं मात्र वजा होत नाहीत, आणि नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत भारतीयांची रांग तर सर्वांत लांब. नोकरदार पालकांवर अवलंबित म्हणून मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर लहानपणी गेलेली, तिथेच शाळा-कॉलेज केलेली कित्येक भारतीय मुलं एकविशीला त्या व्हिसातून बाहेर पडतात आणि स्वतःच्या लहानपणच्या गावात परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने अर्ज करतात.

एल साल्व्हाडोरच्या रोझालिना क्युएलार दे ओसोरिओ यांचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यांच्या आईने १९९८ मध्ये याचिका केली तेव्हा रोझालिना यांचा मुलगा १३ वर्षांचा होता. क्रमांक लागला २००५ मध्ये, आणि त्याच्या काही महिने आधी मुलगा २१ चा झाला होता. २०१४ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की अशा मुलाला आईच्या रांगेतली जुनी जागा मिळणार नाही. भावा-बहिणीच्या याचिकेवर विसंबून असलेल्या आपल्याकडच्या घरांनाही हाच निकाल लागू पडतो.

ऑस्ट्रेलियात २०१६ पासून बहुतेक व्हिसांसाठी २३ वर्षांची मर्यादा आहे, आणि अठरा ते तेवीस या वयात आर्थिक अवलंबित्वाचा पुरावा द्यावा लागतो. त्यापुढे अक्षमता असलेल्या मुलांनाच जागा आहे. तिथेही आरोग्याच्या निकषावर एक नापास झाला तर सामान्यतः सगळे नापास होतात, मात्र काही व्हिसांमध्ये सूट मागता येते.

मूल वयाच्या रेषेपलीकडे गेलेलं असेल तर कॅनडासाठी स्वतंत्र वाट शोधावी लागते. स्टडी परमिटवर शिक्षण, मग वर्क परमिट आणि पुढे स्वतःच्या बळावर पीआर. ही वाट लांब आणि खर्चिक आहे, पण विशीतल्या अर्जदाराला वयाचे पूर्ण गुण मिळतात ही तिची जमेची बाजू.

परदेशी कायमचं जायचं ठरवणाऱ्या पालकांनी म्हणूनच सर्वांत आधी मुलांच्या जन्मतारखा कॅलेंडरवर मांडाव्यात आणि आपल्या मार्गात वय कोणत्या तारखेला मोजलं जातं, ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचावं. पैसे घेऊन कॅनडाचा अर्ज करून देणारा माणूस तिथला परवानाधारक वकील किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सदस्य आहे का हे तपासावं. या संस्थेची सदस्य-यादी सर्वांना खुली आहे. आणि मूल बरोबर येवो वा न येवो, त्याचं नाव अर्जात लिहावंच.