पुरेसे म्हणजे किती? ओव्हरक्लॉक केलेला संगणक आणि त्याचा एसएमपीएस



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारले, "सर, तत्त्वज्ञान सोडून एकदम एसएमपीएस?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवले, टेस्टर हातात धरायची वेळ क्वचितच आली. पण मानखुर्दला आमच्याच इमारतीत एक प्रसंग घडला आणि लक्षात आले की वर्गात जे शिकवत होतो, तेच इथे पैशांच्या भाषेत समोर उभे आहे.

दुसऱ्या मजल्यावर एक मुलगा राहतो. दिवसा कॉलेज, संध्याकाळी घरोघर जेवणाचे डबे पोचवायचे काम. दीड वर्ष पैसे साठवून त्याने गेमिंगचा संगणक जुळवला. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १३६००के, ग्राफिक कार्ड सेकंडहँड आरटीएक्स ३०८०. हे सगळे झाल्यावर खिशात जे उरले त्यातून एसएमपीएस घेतला. डब्यावर ठळक अक्षरात ७०० वॅट. मग पठ्ठ्याने मशीन ओव्हरक्लॉक केले, म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायला लागला. खेळ रंगात आला की मशीन खटकन बंद. त्याला वाटले ग्राफिक कार्ड खराब आहे, म्हणून कार्ड विकणाऱ्याशी भांडून आला. शेवटी एका रात्री फट्ट आवाज झाला, जळका वास आला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचले, तेवढे नशीब.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, "सर, मी हिशोब केला होता. ७०० वॅट लिहिलं होतं ना!"

लिहिले होते. आता 'लिहिले होते' याचा अर्थ काय, हाच आजचा विषय.

आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कुणाचाही शब्द नव्हे. ज्याला ती गोष्ट माहीत आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगतो, अशा आप्ताचा शब्द. डब्यावरचा आकडा हा शब्द आहे. तो आप्ताचा आहे का, हे तपासल्याशिवाय ते ज्ञान होत नाही. भौतिकशास्त्र शिकवणारे आमचे एक जुने सहकारी आहेत. त्यांना बोलावले आणि आम्ही तिघे ते जळके खोके समोर ठेवून बसलो.

आधी हे खोके करते काय ते पाहू. मानखुर्दकरांना हे लोकलच्या उदाहरणाने पटकन कळेल. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली, ती आपल्या हार्बर मार्गावरच. तेव्हा वरच्या तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. एप्रिल २०१६मध्ये हार्बर मार्ग २५,००० व्होल्टच्या एसीवर गेला. आता तारेतून येणारी वीज गाडीच्या आतल्या यंत्रणेत आधी उतरवून, रूपांतर करून मगच मोटारीला मिळते. एसएमपीएस हेच काम लहान प्रमाणात करतो. भिंतीतली २३० व्होल्टची एसी घेतो आणि मुख्यतः १२ व्होल्टची डीसी देतो. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड या १२ व्होल्टवरच जगतात. खोक्यातून ३.३ आणि ५ व्होल्टच्याही लाइन निघतात, पण आजच्या संगणकात त्यांच्यावरचा भार किरकोळ असतो.

म्हणून लेबल वाचताना पहिला नियम: मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती लिहिलेत ते पाहा आणि १२ने गुणा. त्या मुलाच्या खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात होते ३२ अँपिअर. १२ गुणिले ३२ म्हणजे ३८४ वॅट. डब्यावर ७००, कामाचे ३८४! पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला.

दुसरी बाजू मागणीची. इथे शब्दाकडून अनुमानाकडे यायचे. इंटेलने या प्रोसेसरची कमाल टर्बो शक्ती १८१ वॅट दिली आहे. कार्डाची ३२० वॅट. मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांना मिळून ७० धरू. बेरीज ५७१. पण हे ओव्हरक्लॉक न करता.

ओव्हरक्लॉकमध्ये लोकांची चूक होते ती अशी. वेग ८ टक्के वाढवला तर वीजही ८ टक्के जास्त लागेल असे वाटते. तसे नाही. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. जास्त वेगात चिप स्थिर राहावी म्हणून व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही ८ टक्क्यांनी वाढवले, तर १.०८ तीनदा गुणायचे. उत्तर येते साधारण १.२६. म्हणजे वेग ८ टक्के, वीज २६ टक्के! १८१चे झाले २२८. कार्डाची मर्यादा १० टक्के वर नेली की ३२०चे ३५२. सगळे मिळून ६५० वॅट. आणि हे मागितले जात होते ३८४ वॅट देऊ शकणाऱ्या खोक्याकडे.

मग ६५०च्या मागणीला ६५०चा एसएमपीएस पुरेल का? नाही. का, ते लोकलमध्येच पाहा. दुपारी दोनची गर्दी मोजून कुणी डबे ठरवत नाही, सकाळी साडेआठची मोजतात. ग्राफिक कार्ड सरासरी ३२० वॅट घेत असले, तरी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते त्याच्या कितीतरी वर उसळी मारते. ३०८० या उसळ्यांसाठी प्रसिद्धच आहे. २०२२मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात नव्या जोडणीच्या कार्डांना वीज देणाऱ्या मोठ्या एसएमपीएसवर अट घातली गेली, की १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट भाराची उसळीही न डगमगता सोसली पाहिजे. जुने किंवा हलके खोके अशा वेळी स्वतःला वाचवायला बंद पडते. आत संरक्षण नसेल, तर बंदही पडत नाही आणि मग आमच्या इमारतीत जे झाले ते होते.

दुसरे कारण उष्णता. आकडा कोणत्या तापमानाला दिलाय ते विचारा. २५ अंशाला ७०० देणारे खोके मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, कॅबिनेटच्या आत तेवढे देईलच असे नाही. चांगले उत्पादक ४० किंवा ५० अंशाला सतत मिळणारी शक्ती सांगतात. आतले कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मे आयुष्य गमावतात.

म्हणून व्यवहाराचा नियम असा: सततची मागणी एसएमपीएसच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत राहू द्या. ६५० भागिले ०.८ म्हणजे ८१२. बाजारात मिळणारा पुढचा आकडा ८५०. ओव्हरक्लॉक नसेल तर ५७१ भागिले ०.८, म्हणजे ७१४, घ्यायचा ७५०. कार्ड बनवणारी एनव्हिडिया कंपनीही ३०८०साठी ७५०च सुचवते. आपले अनुमान आणि आप्तवाक्य जुळले, की विश्वास वाढतो.

आता काही गैरसमज. मोठा एसएमपीएस घेतला की बिल वाढते का? नाही. मशीन मागेल तेवढीच वीज तो देतो. उलट महत्त्वाची आहे ती कार्यक्षमता. खोक्यावर लिहिलेले वॅट हे बाहेर मिळणारे असतात. ६५० वॅट द्यायला ९० टक्के कार्यक्षम खोके भिंतीतून ७२२ घेईल, ८० टक्केवाले ८१२. फरक उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतो. '८० प्लस'चे ब्राँझ, गोल्ड हे शिक्के याबद्दल सांगतात. पण ध्यानात ठेवा, शिक्का कार्यक्षमतेचा आहे, संरक्षणाचा नाही. जास्त प्रवाह, जास्त व्होल्टेज, शॉर्टसर्किट, जास्त तापमान यांपासून संरक्षण आहे का, ते वेगळे तपासायचे.

यूपीएसचेही तेच. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस पुष्कळदा ३६० वॅटच देतो. खेळ चालू असताना दिवे गेले, तर तो मशीन सांभाळणार नाही.

आणि अर्थिंग. जुन्या घरांत तिसऱ्या भोकात तारच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर ते मशीनचे लाड समजू नका, वायरमनला बोलवा. सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीची केबल त्यात घालू नका. जोडणी तीच दिसली तरी आतला तारांचा क्रम वेगळा असू शकतो. आणि खोके स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ राहू शकतात.

राहिले प्रत्यक्ष. मशीन निळा पडदा दाखवून थांबते की प्लग ओढल्यासारखे एकदम विझते, हे बघा. निळा पडदा असेल तर संशय बहुधा ओव्हरक्लॉकवर किंवा मेमरीवर. एकदम विझत असेल तर आधी एसएमपीएसकडे बघा. त्या मुलाने हे पाहिले असते, तर कार्ड विकणाऱ्याशी भांडण टळले असते आणि मदरबोर्डही. जाणकाराकडून भार असताना १२ व्होल्टची लाइन मल्टीमीटरने मोजून घ्या. ती ११.४ ते १२.६च्या मध्ये राहिली पाहिजे.

पुढे काय झाले? आम्ही तिघे लॅमिंग्टन रोडला गेलो. नवा मदरबोर्ड घेतल्यावर ८५०चा चांगला एसएमपीएस परवडेना. दुकानदाराने त्याच पैशांत डब्यावर ९०० लिहिलेले एक खोके पुढे केले. मुलाने ते उलटे केले, बाजूचा रकाना वाचला, मनात गुणाकार केला आणि परत ठेवले. आम्हाला वाटले, चला, एक विद्यार्थी तयार झाला. मग म्हणाला, "सर, चांगल्या कंपनीचा ७५०चा घेतो. ओव्हरक्लॉक काढून टाकतो."

हे उत्तर आम्हाला सुचले नव्हते. आम्ही सगळा वेळ पुरवठा किती हवा हेच मोजत होतो. पुरेसे हा दोन बाजूंचा संबंध आहे. देणारा वाढवता येतो, तसे मागणेही कमी करता येते. ८ टक्के वेगासाठी २६ टक्के वीज, हा हिशोब कळल्यावर त्याने वेग सोडला. खेळात फरक जाणवतो का, असे परवा जिन्यात विचारले. म्हणाला, "नाही सर. पण आता रात्री झोप लागते."

इथे थांबतो. कुणाच्या घरी एसएमपीएसचे लेबल असेल तर फोटो काढून आणा, पुढच्या वेळी आपण मिळून वाचू.