मान डोलावली म्हणजे कळलं का?

पक्षाघाताच्या रुग्णाच्या खाटेजवळ गेलं की घरचे हमखास सांगतात, "मॅडम, बाबांना बोलता येत नाही, पण कळतं सगळं." मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ. तपासल्याशिवाय हे वाक्य मी कागदावर उतरवत नाही.

सून "पाणी हवं का?" विचारते, तेव्हा पेलाही पुढे करते. बाबा मान डोलावतात. त्यांना शब्द कळला की पेला दिसला? म्हणून मी हात मांडीवर ठेवते, नजरही हलू देत नाही. "बाबा, डोळे मिटा." मग, "आधी खिडकी दाखवा, नंतर दार." मग, "तुमचं लग्न झालंय?" आणि "आपण आत्ता एसटी स्टँडवर आहोत का?" दोन्हींना 'हो' आलं, की घरच्यांचे चेहरे उतरतात. अर्थात त्याआधी चष्मा, कवळी, कानाचं यंत्र जागेवर हवं; नाहीतर दोष भलत्याच गोष्टीला लागतो.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते, म्हणून उजवी बाजू लुळी पडली की वाचाघाताची, म्हणजे भाषाच बिघडल्याची, शंका आधी येते. सुरुवातीला पक्षाघाताच्या साधारण तिघांत एका रुग्णाला तो असतो. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये तपासलेला रुग्ण जेमतेम 'तान' एवढंच बोले, पण इतरांचं बरंचसं त्याला समजे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वेगळाच प्रकार मांडला: बोलणं ओघवतं, पण अर्थ हरवलेला आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट न कळणारं. अशा रुग्णाला लोक भ्रमिष्ट ठरवून मोकळे होतात, याचा मला खरा राग येतो.

नुसती जीभ जड झाली असेल, तर उच्चार बोबडे होतात, शब्द मात्र बरोबर असतात. तो वाचाघात नव्हे.

कधी बाबा वार, पाढे, रामरक्षासुद्धा घडाघडा म्हणतात आणि मुलगा पेढे आणायला निघतो. पण पाठ असलेलं सहज ओठांवर येतं, चावी दाखवून "हे काय?" विचारलं की अडतात. मी "चा…" म्हणते. त्यावर 'चावी' आलं, तर शब्द आत शाबूत आहे.

रुग्ण लवकर थकतो, आणि पहिल्या दिवसांत सकाळचं चित्र संध्याकाळी राहत नाही. म्हणून थोडंच तपासते, पुन्हा येते. तोवर खाटेशी चिठ्ठी लावते: एका वेळी एकच छोटा प्रश्न, उत्तराला वेळ द्या, आणि संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी मला बोलवा.