चिंचपोकळीच्या रस्त्यावर कोणती चाकं? इनलाइन स्केट्स घेण्याआधी हे ऐका

आजच्या भागात आकडे बरेच आहेत, त्यामुळे लोकलच्या गर्दीत काही ऐकायचं राहून गेलं असेल तर ते इथे निवांत वाचून घ्या.

विषय आहे बाहेर, म्हणजे रस्त्यावर किंवा पदपथावर चालवायचे इनलाइन स्केट्स. एका रांगेत चाकं असतात ते. पुढे दोन, मागे दोन चाकं असलेले क्वाड स्केट्स आज बाजूला ठेवू.

विषय निघाला माझ्या भाचीमुळे. सातवीत आहे. परवा फोनवर एक फोटो दाखवून म्हणाली, "मामा, मला हेच पाहिजेत, लाइटवाले." तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "आधी तुझा हात कसा मोडला ते सांग तिला!"

तर सांगतो. चार वर्षांपूर्वी मी पहिले स्केट्स ऑनलाइन घेतले. स्टार बघितले, डिस्काउंट बघितला आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'एबेक ९' बघितलं. चाळीच्या गॅलरीत गुळगुळीत लादीवर ते अगदी लोण्यासारखे पळाले. दुसऱ्या दिवशी खाली गल्लीत उतरलो. एक पेव्हर ब्लॉक बोटभर वर आला होता. चाक तिथेच थांबलं, मी मात्र पुढे गेलो. उजव्या मनगटाला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर, आणि तोपर्यंत डाव्या हाताने कोड टाइप करायचा. रिस्ट गार्ड मात्र घरी खोक्यात अगदी सुरक्षित होते!

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की मी सगळं उलट्या क्रमाने निवडलं होतं. बरोबर क्रम असा: आधी रस्ता, मग बूट, मग चाकं, आणि बेअरिंग सगळ्यात शेवटी.

आधी रस्ता

खरेदीच्या आधी, जिथे स्केटिंग करणार आहात तिथे एकदा पायी चालत जा. चिंचपोकळीत आपल्याला तीन प्रकारची जमीन भेटते. पहिली, पेव्हर ब्लॉक. दुसरी, काँक्रीटचा रस्ता, ज्यावर गाड्या घसरू नयेत म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात; तिथे चाकं गुरगुरतात आणि पोटऱ्यांना मुंग्या येतात. तिसरी, ठिगळं लावलेलं डांबर.

साने गुरुजी मार्ग किंवा ना. म. जोशी मार्ग हे शिकायचे रस्ते नाहीत, हे वेगळं सांगायला नको. सोसायटीचं आवार, शाळेचं पटांगण (परवानगी घेऊन), किंवा रविवारी अगदी पहाटे मरीन ड्राइव्हचा मोकळा पदपथ बघा.

आता पेव्हरचं गणित. दोन ब्लॉकमध्ये २० मिलिमीटरची फट असेल तर ७२ मिमी व्यासाचं चाक त्यात साधारण १.४ मिमी खाली जातं, ८० मिमीचं १.२५ आणि ११० मिमीचं ०.९. म्हणजे फटीने फारसं बिघडत नाही, नुसती खडखड होते.

खरा शत्रू आहे वर आलेली कड. समजा कड १० मिमी उंच आहे. वेग आणि चाकाचा मऊपणा सोडून दिला, तर ती चढायला ७२ मिमीच्या चाकाला त्याच्यावर पडलेल्या वजनाच्या सुमारे ९६ टक्के आडवा जोर लागतो. ८० मिमीला ८८ टक्के, ११० मिमीला ७० टक्के. मोठं चाक मदत करतं हे खरंय, पण ७० टक्के म्हणजे सुद्धा जोरदार धक्काच. कितीही मोठं चाक लावा, उखडलेला पेव्हर काही सपाट होत नाही. तिथे स्केट्स काढून चालत जायचं, त्यात लाज कसली?

मग बूट

बजेटचा सगळ्यात मोठा वाटा इथे जाऊ द्या. चाकं नंतर बदलता येतात, बूट नाही.

संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा मोजा. टाच भिंतीला टेकवा, अंगठ्यापुढे खूण करा, मिलिमीटरमध्ये अंतर घ्या आणि कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. नेहमीच्या चपलेच्या नंबरवर विसंबू नका. दोन पावलांत फरक असेल तर मोठं पाऊल धरा.

बूट घातल्यावर सरळ उभं राहिलात की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे आला पाहिजे. टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. घोट्याजवळचा भाग हाताने दाबून बघा. तो कापडी पिशवीसारखा दबत असेल तर तुमचा घोटाही तसाच आत-बाहेर कलंडणार. "पोरगी वाढतेय, दोन नंबर मोठे घेऊ" हा हिशेब शाळेच्या बुटांना चालतो, इथे नाही. मुलांसाठी लांबी कमी-जास्त करता येणारे कडक बूट मिळतात, ते घ्या.

आता चाकं

चाकावर सहसा दोन आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, ८० मिमी आणि ८५ए.

पहिला व्यास. मोठ्यांना शिकण्यासाठी आणि रोजच्या वापरासाठी चार चाकं, ७६ ते ८० मिमी, हा सुरक्षित मध्य. मुलांच्या स्केट्सवर ७२ किंवा ७६ असतात. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी ३००० मीटर स्पीड स्केटिंग रिलेत कांस्यपदकं जिंकली, ती बघून बऱ्याच जणांना ११० मिमीच्या चाकांची हौस आली. पण त्या मंडळींचे घोटे वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेले असतात. मोठ्या चाकांवर पाय जमिनीपासून आणखी वर जातो आणि तोल सांभाळणं अवघड होतं. ती पुढची पायरी ठेवा.

आणि हो, ज्या पट्टीत चाकं बसतात, त्या फ्रेमला कमाल मर्यादा असते. ८० मिमीच्या फ्रेममध्ये ९० मिमीची चाकं मावणार नाहीत. घेतानाच विचारा.

दुसरा आकडा कडकपणाचा. हा 'शोअर ए' मापातला आकडा. जितका मोठा, तितकं चाक कडक. मऊ चाक पकड चांगली देतं आणि कंपन शोषतं, पण खरखरीत रस्त्यावर खोडरबरासारखं झिजतं. कडक चाक टिकतं, पण प्रत्येक खडा थेट गुडघ्यापर्यंत पोचवतं आणि रस्त्यावरच्या रंगीत पट्ट्यांवर घसरतं. आपल्या रस्त्यांसाठी ८२ए ते ८५ए घ्या. वजन कमी असेल तर ८२च्या बाजूला, जास्त असेल तर ८५च्या.

इथे एक गोंधळ होतो. "बाहेर चालवायला ७८ए घ्या" असा सल्ला व्हिडिओत ऐकू येतो. तो बहुतेक वेळा क्वाडसाठी असतो. क्वाडचं चाक रुंद असतं, आपलं अरुंद. मोठ्या माणसाच्या वजनाखाली, डांबरावर ७८एचं इनलाइन चाक भराभर झिजतं.

चाक पॉलियुरेथेनचं आहे ना, हेही बघा. अगदी स्वस्त स्केट्सवर पीव्हीसीची चाकं असतात. ती लादीवर मस्त पळतात, रस्त्यावर कडकडतात आणि घसरतात. माझी तीच होती.

शेवटी बेअरिंग

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतं ते 'एबेक'. हे बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय याचं मानांकन आहे, आणि त्याचा फायदा मुख्यतः खूप वेगाने फिरणाऱ्या यंत्रांत दिसतो. ताशी १५ किलोमीटरला ८० मिमीचं चाक मिनिटाला साधारण १००० फेरे मारतं. बेअरिंगसाठी हे काहीच नाही. त्यामुळे एबेक ५ आणि ९ मधला फरक तुमच्या पायाला कळणार नाही.

त्याला कळतो तो गंज. स्केट्समध्ये बहुतेक ६०८ मापाचं बेअरिंग असतं: आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, जाडी ७. प्रत्येक चाकात दोन, म्हणजे आठ चाकांत सोळा. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर गेलात की पकड जाते आणि आत पाणी शिरतं. भिजलेच तर चाकं काढा, बेअरिंग पुसून कोरडी करा, तेलाचा एखादा थेंब द्या.

जुने स्केट्स घेत असाल तर आणखी एक. मुंबईच्या दमट हवेत माळ्यावर पडून राहिलेल्या स्केट्सचं पॉलियुरेथेन आतून कमजोर होतं. बाहेरून नवं दिसतं आणि पहिल्याच दिवशी भेगा पडतात. नखाने दाबा, बूट थोडा वाकवून बघा. भुगा किंवा तुकडे पडले तर नमस्कार करून परत द्या.

चाकं आतल्या बाजूने जास्त झिजतात. तेव्हा पहिलं चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरं चौथ्याच्या जागी लावा आणि लावताना झिजलेली बाजू बाहेर करा. आयुष्य बरंच वाढतं.

तर भाचीचं काय ठरलं?

कडक बुटाचे, लांबी बदलता येणारे, ७६ मिमी, ८२ए. त्याच्याही आधी हेल्मेट, रिस्ट गार्ड, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड. पडताना माणूस हातच पुढे करतो, म्हणून रिस्ट गार्डशिवाय एक मिनिटही नाही. पहिला आठवडा फक्त थांबायला शिकायचं: ब्रेक बहुतेक उजव्या टाचेला असतो, तो पाय पुढे सरकवायचा, गुडघे वाकवायचे आणि टाच दाबायची.

लाइटचं म्हणाल, तर त्यावर वाटाघाटी अजून चालू आहेत. लाइटवालं चाक ८२एचं, पॉलियुरेथेनचं आणि त्याच मापाचं मिळालं तर मामाची हरकत नाही. नाहीच मिळालं तर लाइट हेल्मेटला लावू.

तुम्ही स्केट्स घेणार असाल तर आज एवढंच करा: जिथे चालवणार आहात तिथे दहा मिनिटं खाली मान घालून चाला आणि वर आलेल्या कडा मोजा. मग दुकानात जा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!