रित्या हाताचे मोल

श्रोतेहो, फासे आणि सोंगट्या आपल्याला नव्या नाहीत. पण सोंगटीलाच नाव, गाव आणि स्वभाव दिला, आणि तिने पुढे काय करायचे ते दर वेळी आपणच बोलून सांगायचे ठरवले, तर? असा एक खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. चारपाच मंडळी टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. वार लागला का, आणि किती लागला, याचा निवाडा फासा करतो.

कोणी तलवारबहाद्दर होतो, कोणी मांत्रिक. पण एखादा म्हणतो, "मला शस्त्र नको, मी नुसत्या हातांनी लढेन." अशांसाठी १९७५ साली 'मंक', म्हणजे भिक्षू, हे पात्र आले. आणि तिथेच नियम करणाऱ्यांपुढे पेच पडला. ठोशाला पहिल्यापासून तलवारीइतके बळ द्यावे, तर तलवार घेईल कोण? अगदी कमी द्यावे, तर तो गडी दुसऱ्यांची लढाई नुसती बघत बसेल. शिवाय कैदेत तलवार काढून घेता येते. हात कसे काढून घेणार?

२०१४ सालच्या नियमांनी यातून कशी वाट काढली, पाहा. साध्या माणसाचा ठोसा अवघ्या १ गुणाचा, अधिक त्याच्या ताकदीची भर. एका हाताने चालवलेल्या लांब तलवारीला ८ पैलूंचा फासा. भिक्षूला पहिल्या पायरीवर ४ पैलूंचा, पाचव्या पायरीवर ६, अकराव्या पायरीवर ८ आणि सतराव्या पायरीवर १० पैलूंचा. शिक्षकांनी हे फळ्यावर मांडावे: या चार फाशांची सरासरी अनुक्रमे अडीच, साडेतीन, साडेचार आणि साडेपाच येते. म्हणजे तलवारीचा फासा विकत मिळतो. हाताला तो कमवावा लागतो. अकराव्या पायरीवर दोघांचे फासे सारखे होतात.

मात्र याची किंमत मोजावी लागते, बरे का. भिक्षूने चिलखत घातले किंवा ढाल धरली, की ही विद्या त्याला वापरता येत नाही. त्याच्या बदल्यात एक वार केल्यावर त्याला आणखी एक ठोसा मारता येतो. काठीही चालते, तिच्या फाशापेक्षा त्याचा स्वतःचा फासा मोठा झाला, तर तोच टाकावा.

एक गाठ मात्र राहिली. काही राक्षसांवर साध्या शस्त्राचा पुरता परिणाम होत नाही. मंतरलेले शस्त्र लागते. तलवार मंतरता येते. पण शस्त्र मंतरण्याचा मंत्र मुठीवर चालत नाही, कारण नियमांच्या लेखी मूठ हे शस्त्रच नव्हे! म्हणून सहाव्या पायरीपासून भिक्षूचे ठोसे मंतरलेलेच धरावे, अशी सोय केली.

२०२४ साली नियम पुन्हा बदलले. भिक्षूचा फासा ६ पैलूंपासून सुरू होऊन १२ पैलूंपर्यंत जाऊ लागला. माप थोडे कमी पडते आहे असे दिसले, ते वाढवले.

मुले अंगणात स्वतःचे खेळ रचतात, तेव्हा भांडणे नियमांवरूनच होतात. त्या वेळी त्यांना एवढेच विचारावे: या नियमाने कोणी नुसता बघत तर बसत नाही ना? आणि ज्याला जास्त मिळाले, त्याने त्याच्या बदल्यात काय सोडले?