घरी बनवलेला ॲम्प्लिफायर: आधी हिशोब, मग ऑर्डर



घरी ॲम्प्लिफायर बनवला की एक गोष्ट हमखास होते. मित्र ऐकतो आणि म्हणतो, "भारी वाजतोय राव! मला पण एक करून दे. किती घेशील?" उत्तर तयार नसेल तर तुम्ही नुसते सामानाचे पैसे सांगता आणि तिथेच अडकता. म्हणून आज आधी वस्तू समजून घेऊ, मग तिचा हिशोब.

डब्यात काय असतं?

इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर म्हणजे एका डब्यात दोन कामं. प्रीॲम्प ठरवतो काय ऐकायचं आणि आवाज किती ठेवायचा. पॉवर ॲम्प स्पीकरला ताकद देतो.

शिकायला एलएम३८८६ ही आयसी चांगली. स्टिरिओसाठी दोन लागतात. नेहमीच्या सर्किटमध्ये ती सिग्नल साधारण २१ पट वाढवते. ८ ओहमच्या स्पीकरला ३० वॅट द्यायला सुमारे साडेपंधरा व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटला पाऊण व्होल्ट पुरे. सीडी प्लेयर तर २ व्होल्टपर्यंत देतो. त्यामुळे प्रीॲम्पच्या जागी सिलेक्टर स्विच आणि १० किलोओहमचा ड्युअल लॉग पॉट एवढ्यावर काम भागतं.

पैसा कुठे घालायचा?

नवशिके आयसी आणि चकचकीत पॅनेलवर खर्च करतात. खरा खर्च हवा पॉवर सप्लायवर. आयसी म्हणजे नळ, सप्लाय म्हणजे टाकी. टाकीत पाणी नसेल तर नळ कितीही भारी असून काय उपयोग?

१८-०-१८ व्होल्ट, ५ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. ब्रिज रेक्टिफायर आणि दोन्ही बाजूंना १०,००० मायक्रोफॅरॅडचे कपॅसिटर लावले की १८ × १.४१ या हिशोबाने अधिक-उणे २४-२५ व्होल्ट डीसी मिळतं. ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरींपासून लांब ठेवा आणि सगळे ग्राउंड एका ठिकाणी आणा, नाहीतर गाण्याच्या मागे घूंऽऽ ऐकू येईल.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे हे सामान मिळतं. आयसी फारच स्वस्त मिळत असेल तर डुप्लिकेट असू शकते, ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

इथे घाई नको

डब्यात २३० व्होल्ट येणार आहेत. फ्यूज आणि धातूच्या डब्याला अर्थिंग हवंच. आयसीची उघडी धातूची पाठ निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते, म्हणून हीटसिंकला लावताना मध्ये मायका आणि स्क्रूला बुश लावा. पहिल्यांदा चालू करताना मेनला सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब जोडा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, प्रखर पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटला डीसी मोजा, १०० मिलिव्होल्टच्या आत हवं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तेव्हा लगेच हात घालू नका. मेनच्या वायरिंगची सवय नसेल तर जाणकार माणूस सोबत घ्या.

आता मित्राचा प्रश्न

उदाहरणादाखल आकडे धरू. सामान ४,५०० रुपये. तुमचे १४ तास, तासाला १०० रुपये धरून १,४००. जाणं-येणं आणि वाया गेलेलं सामान ४००. बिघडला तर परत करून द्यायची तरतूद ५००. बेरीज ६,८०० रुपये. यात नफा एक रुपयाही नाही आणि सोल्डरिंग गन, मल्टिमीटरचा खर्चही धरलेला नाही. मित्राकडून ४,५०० घेतलेत, तर २,३०० रुपये तुम्ही खिशातून दिलेत.

आणि गिऱ्हाईक तुलना करणार रिमोट, ब्लूटूथवाल्या तयार मालाशी. त्याच्याशी किमतीत लढू नका. तुमची ताकद वेगळी आहे: दुरुस्ती तुम्हीच करून देता आणि ज्याच्या खोलीला, स्पीकरला जसा हवा तसा बनवून देता.

म्हणून पहिला स्वतःसाठी बनवा. दुसरा बनवताना वही ठेवा: प्रत्येक वस्तूची किंमत, प्रत्येक तास. मगच भाव सांगा. विकायचं ठरलं तर बीआयएस आणि जीएसटीचे कोणते नियम लागू होतात, ते आधी तपासा.

हिशोब जमला नाही तर छंद म्हणून ठेवा, त्यात कमीपणा काहीच नाही. शिकलेलं हाताशी राहतंच, आणि उद्या दुरुस्तीचं काम घ्यायचं ठरवलंत तर तेच कामाला येईल.