मीठ वर, कापड खाली : पेडणे-डिचोलीच्या जकातमार्गाची हकिकत

इ. स. १६७१ च्या डिसेंबर महिन्याच्या ७ तारखेस शिवाजी महाराजांनी कुडाळ मामल्याचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस जे पत्र धाडले, ते मिठाविषयी आहे. तरीही गोव्याच्या उत्तर सीमेवरील वस्त्रव्यापाराचा शोध घेऊ इच्छिणाऱ्याने सर्वांआधी वाचावे ते हेच पत्र, असे माझे मत झाले आहे. पोर्तुगीजांच्या अमलाखालील बारदेशात मीठ स्वस्त पडे, म्हणून घाटावरचे व्यापारी आपले तांडे तिकडे वळवीत आणि संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक न राहून सरकारचे उत्पन्न बुडे; तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून त्याचा भाव आपल्या मिठाच्या बरोबरीस आणावा, असा या आज्ञेचा आशय आहे. या पत्राच्या चारच वर्षे आधी, १६६७ मध्ये, फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने डच व इंग्रजी कापडावर भारी जकात बसवून आपल्या देशातील विणकरांना आडोसा दिला होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही; पण जकात हे केवळ वसुलीचे साधन नसून देशी मालाच्या संरक्षणाचे हत्यार आहे, ही जाण दोहोंकडे सारखीच तीक्ष्ण होती.

मिठाचा आणि कापडाचा संबंध बैलाच्या पाठीवर जुळतो. लमाणांचा तांडा मीठ, नारळ आणि सुकी मासळी लादून रामघाटाने किंवा चोर्ल्याच्या वाटेने वर चढे, त्याने रिकाम्या गोणींनिशी परत येणे कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्यास परवडणारे नव्हते. म्हणून हुबळी-शहापूरकडील कापड, सूत आणि धान्य त्याच बैलांवरून खाली उतरे. उतरणीला लागलेल्या या मालाला समुद्र गाठण्यापूर्वी जो मुलूख ओलांडावा लागे तो म्हणजे डिचोली आणि पेडणे हे दोन महाल. महाराज स्वतः १६६७ च्या बारदेश स्वारीच्या सुमारास डिचोलीच्या परिसरात होते, आणि पुढच्याच वर्षी, १६६८ च्या नोव्हेंबरात, नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या मंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार करविला, हे सर्वश्रुत आहे. देवस्थानाच्या या पुण्यकार्याबरोबर खालच्या वाटांवरील जकातीचाही विचार त्यांच्या मनात असावा, असे मानण्यास १६७१ चे पत्र पुरेसा आधार देते.

पोर्तुगीजांचा व्यापार म्हटला की आपल्याकडे मिरी आणि दालचिनी यांचीच वर्णने येतात. शाळेच्या पुस्तकाने लावलेली ही सवय आहे, आणि ती सुटणे कठीण आहे. जेम्स बोयाजियन या संशोधकाने १५८० ते १६४० या काळातील खासगी पोर्तुगीज व्यापाऱ्यांचे हिशेब तपासून १९९३ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लिस्बनला जाणाऱ्या खासगी मालात मसाल्यांपेक्षा कापडाचेच मोल अधिक होते असे त्याने दाखवून दिले. राजाची मिरी राजाच्या वह्यांत ठळक अक्षरांत नोंदली गेली. कापड खलाशाच्या पेटीपासून कोट्यधीश सावकाराच्या गाठोड्यांपर्यंत विखुरलेले होते, म्हणून ते इतिहासकारांच्या दृष्टीतून निसटले. १६०८ ते १६१० या काळात गोव्यात राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल याने मात्र ते पाहिले होते: केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंतची माणसे हिंदुस्थानच्या मागावरचे वस्त्र नेसतात, अशा अर्थाचे त्याचे विधान आहे. प्रवाशाची अतिशयोक्ती वजा केली तरी त्यात तथ्य पुष्कळ उरते.

गोवा शहर हे स्वतः मोठे विणकरकेंद्र कधीच नव्हते. खंबायत, दीव आणि घाटावरचा प्रदेश येथून आलेल्या मालाचे ते गोदाम होते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे शत्रूंनी गोव्याच्या दोन्ही बाजूंस तळ का ठोकले ते उमगते. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली, ती गोव्याच्या नाविक वेढ्याच्या दिवसांत. तिचे अवशेष आजही वेंगुर्ल्यात उभे आहेत. दक्षिणेस इंग्रजांनी कारवार धरले, ते हुबळीच्या बाजूचे कापड मिळावे म्हणून. १६७३ मध्ये मराठी फौजेने हुबळी लुटली तेव्हा इंग्रजांचा मालही त्यात गेला आणि भरपाईसाठी त्यांनी तगादा लावला. कापडाच्या गठ्ठ्यांमागे इतकी राजकारणे धावत होती, आणि पेडणे हे वेंगुर्ले व बारदेश यांच्या बरोबर मध्ये होते. शापोरा नदीचे पाणी ओलांडले की राज्य बदले, आणि राज्य बदलले की भाव.

सीमेचा परिणाम अंगावरच्या वस्त्रावरही कसा झाला, हे १७३६ च्या धर्मसमीक्षण न्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, जाहीरनाम्यावरून कळते. अनंत काकबा प्रियोळकरांच्या ग्रंथामुळे तो आपल्याला परिचित आहे. बाटलेल्या पुरुषांनी पुडवे, म्हणजे धोतर, नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अशी त्यातील आज्ञा होती; परधर्माच्या खुणा वस्त्रात शोधण्याचा हा अट्टहास होता. पण तो चालला जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये वाडीकर सावंतांच्या हातून कायमचे पोर्तुगीजांकडे गेले, तेव्हा नव्या काबिजादीतील रयतेचा धर्म आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन सरकारला द्यावे लागले. एकाच नदीच्या दोन तीरांवर वस्त्राचे दोन कायदे, अशी ही स्थिती होती. शापोरा नदीच्या अलीकडच्या तीरावर पुडवे गुन्हा होते, पलीकडे तोच नित्याचा वेष.

पेडण्याच्या पुनवेला ज्यांनी रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे पाहिली आहेत, त्यांना या स्वातंत्र्याची मोठी खूण पाहिल्याचे समाधान आहे. दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत रंगीत साड्यांनी नटविलेले हे उंच खांब नाचतात. प्रेक्षक देवाचा आवेश पाहतो, आणि माझ्यासारख्या शोधकाला, क्षमा असावी, साड्या मोजाव्याशा वाटतात. कुणी दिल्या, कोठून आल्या, वारावर काय भाव पडला, या प्रश्नांची उत्तरे देवस्थानांच्या वह्यांत असण्याचा संभव आहे. पण त्या वह्या कापडासाठी कोणी उघडत नाही.

व्यापाऱ्यांच्या दप्तरांची अवस्था तुलनेने बरी. पणजीच्या म्हामाय कामत घराण्याची मोडी मराठी, पोर्तुगीज, फ्रेंच, गुजराती अशा अनेक भाषांतील कागदपत्रे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गोव्याचा व्यापार प्रथमच देशी माणसाच्या बाजूने दिसू लागला. सेल्सा पिंटो यांनी १७७० ते १८४० या काळावर लिहिलेला ग्रंथ याच मार्गाने गेला. त्यांच्या लेखनातून जे चित्र उभे राहते ते अभिमानास्पदच आहे असे नव्हे. फ्रेंचांच्या आडतीबरोबर या घराण्याचा गुलामांच्या व्यापाराशीही संबंध येतो; आणि दीव-दमणहून मोझांबिकला जाणाऱ्या कापडाच्या मोबदल्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हस्तिदंत आणि जिवंत माणसे विकत घेतली जात. आपल्या मागाच्या कीर्तीचे गोडवे गाताना हा हिशेब झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

फ्रान्स-इंग्लंडच्या युद्धकाळात पोर्तुगालचे निशाण तटस्थ होते, त्याचा लाभ गोव्याच्या व्यापाराला काही वर्षे मिळाला. १८०८ मध्ये ब्राझीलची बंदरे परकीयांस खुली झाली आणि १८१० च्या तहाने इंग्रजी माल पोर्तुगीज मुलखात केवळ १५ टक्के जकातीवर येऊ लागला. त्याबरोबर लँकशायरचे यंत्रकापड आणि हिंदी कापड यांची गाठ ब्राझीलच्या बाजारात पडली, आणि निकाल अर्थातच यंत्राच्या बाजूने लागला.

दुसरा घाव सीमेवरच बसला. २६ डिसेंबर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत बारा वर्षांसाठी पाडली. गोव्याची मिठागरे इंग्रजांच्या देखरेखीखाली गेली आणि मोबदल्यात गोवा सरकारला सालीना ४ लाख रुपये मिळू लागले. तहाचा अंमल १८८० च्या आरंभी झाला, आणि १८८२ मध्ये हिंदुस्थान सरकारने विलायती सुती कापडावरील आयातकरही उठविला. दोन्ही गोष्टी जोडून वाचाव्यात: मँचेस्टरचा गठ्ठा मुंबई बंदरात जकातीवाचून उतरला की तो पत्रादेवी आणि दोडामार्गापर्यंत जकातीवाचूनच येई. १६७१ मध्ये जे हत्यार घाटमार्गाच्या धन्याच्या हाती होते, ते आता ना गोवेकराच्या हाती राहिले ना वाडीकराच्या. मीठ आणि कापड यांचा एकाच करारात असा बंदोबस्त झालेला पाहून मी कित्येकदा थबकलो आहे. १८९२ च्या आरंभी तह संपला, नाके पुन्हा उभे राहिले. पण एका तपात गिऱ्हाइकाची सवय बदललेली होती, आणि मुंबईच्या गिरण्यांचे कापडही दारात येऊन ठेपले होते.

गोव्याच्या मागाचे जे एक वस्त्र लोकांच्या स्मरणात उरले ते कुणबी-गावडा स्त्रियांचे तांबड्या चौकड्यांचे, आखूड नेसायचे, खांद्यावर गाठ मारायचे जाड सुती कापड. त्याचे माग विसाव्या शतकात थंडावले. वेषभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्याला नवा मान मिळवून दिला, २०१२ मध्ये गोव्याच्या वेषभूषेवर ग्रंथ लिहिला, आणि कोलवाळच्या आपल्या घराचे संग्रहालयात रूपांतर करण्याचे काम हाती घेतले. हे कार्य थोरच. परंतु संग्रहालयातील वस्त्र पाहणाऱ्याला विणकराचे सूत कोठून येत होते, वाराला काय मजुरी पडे आणि नाक्यावर किती जकात द्यावी लागे, हे जोवर सांगता येत नाही, तोवर आपण वस्त्राचे सौंदर्य जपले, त्याचा इतिहास नव्हे.

तो इतिहास पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगीज बाडांत आहे तितकाच पेडणे आणि डिचोलीच्या माळ्यांवरील मोडी रुमालांतही असला पाहिजे. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पहिल्या प्रकारच्या साधनांची सूची करून ठेवली. दुसऱ्या प्रकारची सूची अद्याप व्हायची आहे, आणि ती पणजीत बसून होणार नाही. म्हणून या दोन तालुक्यांतील वाचकांस विनंती आहे की, घरात जुने रुमाल असतील तर ते वाळवीला आणि मिरगाच्या पावसाला देऊ नका. मूळ कागद हवे तर आपल्यापाशीच ठेवा, पण मोडी जाणणाऱ्याकडून त्यांची नक्कल तरी करवून घ्या. त्यात एखादी सनद निघाली तर उत्तमच. पण नुसता दुकानाचा खाते-उतारा निघाला, अमक्या सालात अमक्याला इतके वार कापड उधार दिल्याची नोंद निघाली, तरी ती वही टाकू नका.